गच्चीची किल्ली कोणाकडे असते?

कोल्हापुरातल्या महाविद्यालयांच्या हरित समित्यांना खुले पत्र

सन्माननीय समन्वयक आणि सदस्य,

सप्रेम नमस्कार.

जून लागला की महाविद्यालयात समित्यांच्या नेमणुकांचं पत्रक निघतं. प्रवेश, परीक्षा, शिस्त, सांस्कृतिक, जिमखाना, आणि शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत कुठेतरी हरित समिती. तिचा समन्वयक बहुतेक वेळा वनस्पतिशास्त्राचा किंवा भूगोलाचा असतो, आणि बऱ्याचदा तासिका तत्त्वावरचा. ज्याची नोकरी पुढच्या वर्षी असेल की नाही याचा पत्ता नाही, त्याच्याकडे पुढच्या वीस वर्षांची झाडं सोपवायची, ही आपली पद्धत.

मी याच शहरात भूगोल शिकवला, बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते आणि अशा समितीतही बसले. आता निवृत्त आहे. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडे तसंच आहे, हे इतर ठिकाणच्या मैत्रिणींशी बोलून माझं पक्कं झालंय. समितीला काम मिळतं, अधिकार मिळत नाही, आणि समितीही तो मागायला जात नाही. हे पत्र तो मागा, हे सांगण्यासाठी आहे.

आधी नॅकचं, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचं, बोलून घेऊ, कारण तुमच्या बैठकीतही पहिल्यांदा तोच विषय निघतो. गेली काही वर्षं ज्या चौकटीत आपलं मूल्यांकन झालं, तीत सातव्या निकषाला हजारपैकी शंभर गुण होते. अपारंपरिक ऊर्जा, कचरा व्यवस्थापन, जलसंधारण, हरित परिसर आणि हरित, ऊर्जा, पर्यावरण असे तीन लेखापरीक्षण अहवाल हे सगळं त्या निकषात. माझा नॅकवर राग नाही. नॅक नसतं तर कित्येक गच्च्यांवर एक पॅनेलही चढलं नसतं. पण गुण कागदाला मिळतात म्हटल्यावर समिती कागदच पिकवायला लागली. फोटो जिओटॅग केलेला हवा, बॅनर दिसायला हवा, अहवालावर सही-शिक्का हवा. आमच्याकडे एका एजन्सीने केलेला ग्रीन ऑडिटचा अहवाल आला होता. सकाळी माणसं आली, चहा-पोहे झाले, दुपारपर्यंत फिरून गेली. अहवाल छान गुळगुळीत कागदावर. मी चाळत होते तर मध्येच एका पानावर दुसऱ्याच महाविद्यालयाचं नाव तसंच राहून गेलेलं. आमच्या आवारात नसलेल्या तळ्याचं कौतुकही त्यात होतं. ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तेव्हा सगळे हसले, आणि ते एक पान बदलून फाईल पुढे गेली.

त्या फाईलमध्ये जे नसतं तिथून मला सुरुवात करायची आहे. तुमच्या समितीतल्या कोणालाही विचारून बघा, गेल्या मार्चचं आपलं वीजबिल किती युनिटचं होतं? सांगता येणार नाही. बिल ऑफिसात येतं, अकाउंट सेक्शनला जातं, चेक निघतो. समितीकडे ते येतच नाही. पाण्याच्या बिलाचं तसंच, उन्हाळ्यातल्या टँकरच्या पावत्यांचं तसंच. ज्या समितीने बिल पाहिलेलं नाही, तिने वीजबचतीचा अहवाल लिहायचा.

यावर उपाय फुकटचा आहे. शनिवारी संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर मीटरचा आकडा लिहून घ्या आणि सोमवारी सकाळी पहिला तास सुरू व्हायच्या आत परत लिहा. मधल्या वेळात वर्गात कोणी नाही, ऑफिस बंद, लॅब बंद. तरी आकडा सरकलेला असतो, आणि कित्येकदा चांगला भरपूर सरकलेला असतो. तो कुठे गेला, हे शोधत हिंडणं हेच समितीचं पहिलं खरं काम. आम्ही हिंडलो तेव्हा वायरमन दादांनी एकेक दाखवलं. पाण्याचे कूलर रात्रंदिवस पाणी गार करतायत, प्यायला कोणी नाही. कॉम्प्युटर लॅबचा यूपीएस चालू. सायकल स्टँडवरचा हॅलोजन भर उन्हात पेटलेला, कारण त्याचा स्विच वॉचमनच्या खोलीत आणि वॉचमनची पाळी बदललेली. स्वच्छतागृहातला एक्झॉस्ट फॅन तर कोणी बंद केल्याचं कोणाला आठवतच नव्हतं. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागणार नव्हते.

पैसे खर्च करायचेच असतील तर तेही हिशेबाने करावेत. चोकवाली जुनी ट्यूब 50-55 वॅट खाते, एलईडी ट्यूब 20. जुना पंखा 75 वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. म्हणजे तासागणिक पंख्यात बचत जास्त, आणि आपल्याकडे फेब्रुवारी ते मेपर्यंत पंखा ट्यूबपेक्षा जास्त वेळ फिरतो. तरीही सगळीकडे आधी ट्यूब बदलल्या गेल्या, कारण पांढरा उजेड फोटोत दिसतो. पंखा नवा काय नि जुना काय, फोटोत सारखाच.

आता गच्चीची किल्ली. आमच्या इमारतीवर सौर पॅनेल बसले, फीत कापली, पेढे वाटले. एक किलोवॅटच्या पॅनेलमधून वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिट धरायला हरकत नाही. जुलै-ऑगस्टच्या झडीत ते खाली येतात, मार्च-एप्रिलमध्ये वर जातात, हे ओघानेच आलं. पण आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकात नसते. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून बगॅसची, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चोथ्याची, काजळी उडते. ज्यांची घरं कारखान्यांच्या आसपास आहेत, त्यांना दोरीवरच्या धुण्यावर ती रोज दिसते. तीच पॅनेलवर बसते, दवात भिजते आणि चिकटते. गाळपाचा हंगाम म्हणजे नेमके स्वच्छ उन्हाचे महिने. तेव्हा पॅनेल आठवड्या-पंधरवड्याने धुवायलाच हवेत.

आमचे धुतले जात नव्हते. का, तर गच्चीवर नळ नव्हता, आणि गच्चीची किल्ली ऑफिसातल्या ज्यांच्याकडे होती ते साडेदहाला येत. त्या वेळी पॅनेल तापलेले असतात, तेव्हा त्यांवर गार पाणी मारू नये. सकाळी सातला धुवायला तयार असलेले मामा खाली जिन्यापाशी थांबून परत जात. मध्ये इन्व्हर्टर ट्रिप होऊन पडला होता, तेही कळलं ते बिल वाढून आल्यावर. समितीच्या इतिवृत्तात मात्र दर वेळी 'सौरऊर्जा प्रकल्प कार्यान्वित आहे' असं वाक्य होतं. शेवटी दुसरी किल्ली करून घेतली आणि गच्चीपर्यंत एक पाइप चढवला. प्लंबर आणि किल्लीवाला मिळून झालेला तो खर्च एका फ्लेक्सच्या आतला होता.

म्हणून माझी पहिली मागणी समितीत कोण बसतं याबद्दल आहे. तुमच्याकडे प्राचार्य अध्यक्ष, चार-पाच प्राध्यापक, आयक्यूएसीचे (अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) कार्यक्रम अधिकारी आणि नावापुरते दोन विद्यार्थी असतात. मोटार सुरू-बंद करणारे मामा, वायरमन, माळी, मेसच्या मुख्य मावशी, वसतिगृहाच्या सफाई कर्मचारी, लॅब असिस्टंट यांतलं कोणी नसतं. आवारातलं पाणी, वीज आणि कचरा ज्यांच्या हातून रोज जातो ती माणसं बैठकीच्या वेळी बाहेर चहा आणतात. त्यांना खुर्ची द्या, बैठकीची वेळ त्यांच्या कामाच्या वेळेत बसवा आणि त्यांच्यासमोर इंग्रजीतलं इतिवृत्त वाचू नका. एवढ्यानेच तुमच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्याच खोलीत सापडतील.

याला पुरावा म्हणून मी वसतिगृहाबद्दल जरा सविस्तर लिहिते. कोल्हापूर हे बोर्डिंगांचं गाव. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि त्यानंतर एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. बाहेरगावचं पोर शिकायला आलं तर त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय आधी, हा विचार इथला जुना. आजही महाविद्यालयाच्या आवारात चोवीस तास वापर कुठे असेल तर तो वसतिगृहात. पाणी, वीज, ओला कचरा, सगळं तिथेच. आणि हरित समिती तिथे फिरकते ती पाच जूनला रोप लावायला.

मेसमध्ये अन्न फार वाया जातं, ही जुनी तक्रार. आधी भिंतीवर 'अन्न हे पूर्णब्रह्म' लिहून झालं. मग खरकटं टाकणाऱ्या मुलींची नावं लिहायची, असं कोणीतरी सुचवलं. मी नको म्हटलं. त्याऐवजी मावशींना एक वजनकाटा आणून दिला आणि भात, चपाती, भाजी-उसळ यांच्या वेगवेगळ्या बादल्या ठेवल्या. मावशी रोज वजन करून कोठीतल्या कॅलेंडरवर लिहायच्या. थोड्याच दिवसांत दिसलं की चपाती फारशी वाया जात नाही, भात जातो, आणि तोही रात्रीच्या जेवणाला. मी मुलींना व्याख्यान द्यायच्या तयारीत होते, तेवढ्यात मावशीच म्हणाल्या, "मॅडम, पोरींना बोलू नका. रांग बघा की." रात्री सगळ्या एकदम येतात. रांग जिन्यापर्यंत जाते. परत भात घ्यायचा तर परत रांगेत उभं राहायचं, म्हणून मुली पहिल्यांदाच डोंगर वाढून घ्यायच्या. मावशींनी दुसऱ्या टोकाला एक टेबल टाकलं, त्यावर भाताचं पातेलं आणि आमटी ठेवली आणि परत घ्यायला रांग नाही असं सांगितलं. भाताची बादली हलकी झाली ती तेव्हापासून. भिंतीवरची पाटी काय करत होती देव जाणे.

बुधवारी आणि रविवारी, म्हणजे रश्श्याच्या दिवशी, बादली जवळपास रिकामी असायची हे सांगायला नकोच. कोल्हापूर आहे.

दुसरी गोष्ट गरम पाण्याची. वसतिगृहावर सौर बंब होता, तोही अहवालात अभिमानाने नोंदलेला. गच्चीवरून तळमजल्यापर्यंत पाइप लांब आणि त्याला वेष्टन नाही. रात्रभर पाइपात गार झालेलं पाणी सोडून दिल्याशिवाय कढत पाणी येत नसे. तळमजल्यावरच्या मुली रोज पहाटे बादलीभर, कधी दोन बादल्या पाणी मोरीत सोडायच्या. म्हणजे वीज वाचवायला पाणी ओतत होतो. समितीतल्या कोणालाही हे माहीत नव्हतं, कारण समितीतलं कोणी तिथे आंघोळ करत नव्हतं. सफाईच्या ताईंना माहीत होतं, त्यांना विचारलं नव्हतं. पाइपला वेष्टन घातलं, आणि पहिली बादली धुण्यासाठी बाजूला ठेवायचं मुलींनीच ठरवलं.

तिसरी गोष्ट लिहिताना मला संकोच नाही, वाचताना तुम्हालाही होऊ नये. मुलींच्या वसतिगृहातल्या सॅनिटरी पॅडचं काय होतं, हा विषय मी समितीत काढला तेव्हा दोन सर खोकले आणि एकांनी मोबाईल पाहिला. भिंतीवर जाळण्याचं यंत्र बसवलेलं असतं, त्याचा फोटो फाईलमध्ये असतो. त्याची क्षमता थोडी, मुली पुष्कळ. भरून ठेवलं की नीट जळत नाही, धूर होतो, वास येतो, मग मुली ते वापरायचं सोडतात आणि पॅड कमोडमध्ये जातात. ड्रेनेज तुंबलं की बाहेरून माणूस बोलवायचा आणि त्याने हाताने ते काढायचं. पॅडमध्ये प्लॅस्टिक असतं, ते अर्धवट जाळणं कुठल्याच अर्थाने हरित नाही. 2016 च्या घनकचरा नियमांतही स्पष्ट होतं की असा कचरा नीट गुंडाळून द्यायचा. त्यासाठी प्रत्येक मजल्यावर झाकणाची वेगळी बादली, शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे, ती बादली उचलणाऱ्या ताईंना हातमोजे, आणि टिपरवाल्यांशी, म्हणजे कचरागाडीच्या माणसांशी, एकदा नीट बोलून ठेवणं एवढं लागतं. यंत्राचा फोटो लावणाऱ्या प्रत्येक समितीने ते यंत्र शेवटचं कधी चाललं, हे आपल्या रेक्टरला विचारावं.

त्याच नियमांत आणखी एक होतं. 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठं आवार असलेल्या संस्थेने कचरा जागेवरच वेगळा करायचा आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. सव्वा एकरापेक्षा मोठं आवार म्हणजे आपली बहुतेक महाविद्यालयं आली. आपल्याकडे गंमत अशी की मेसचा ओला कचरा टिपरमधून कसबा बावड्याच्या झूमकडे, म्हणजे कचरा डेपोकडे जातो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रेन ट्रीचा पाला मैदानाच्या कोपऱ्यात जाळला जातो. दोन्ही एकत्र करा. एक भाग ओलं असेल तर दोन-तीन भाग सुका पाला, वरून शेणकाला, अधूनमधून खालीवर करणं, आणि वास न येता खत तयार. माळीमामांना हे येतं, ते घरी करतातच. त्यांना जागा आणि दोन टाक्या द्या, आणि पाला जाळायचा नाही असा प्राचार्यांच्या सहीचा आदेश काढा. माळीमामा पाला का जाळतात, तर 'आवार स्वच्छ दिसलं पाहिजे' असं त्यांना कोणीतरी वरून सांगितलेलं असतं म्हणून.

झाडांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तुम्ही त्यात आधीच भरपूर आहात. लावलेल्या झाडांपैकी पुढच्या मेअखेर किती जगली, हा एकच आकडा अहवालात घाला. पाहुण्यांच्या हस्ते लावायचं झाड त्यांच्या गाडीपासून जवळ असतं, पाण्याच्या नळाजवळ नसतं. आणि ज्यांचं आवार माळावर आहे त्यांना एक विनंती. आपल्या भागातला मोकळा माळ रिकामा दिसतो म्हणून तिथे खड्डे मारून झाडांच्या रांगा उभ्या करायची घाई नको. गवत, पावसाळ्यातली छोटी फुलं, दगडांत अंडी घालणारी टिटवी, चंडोल हे सगळं त्या मोकळेपणावरच जगतं. झाड लावायचंच तर कडेने करंज, बहावा, जांभूळ, आपटा लावा. गुलमोहर मादागास्करहून आलेला आहे, त्याला आणखी जागा द्यायची गरज नाही. पाच जूनच्या फ्लेक्सबद्दलही एकच वाक्य पुरे. 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे बॅनरही आहेत, तेव्हा पर्यावरण दिनाचा बॅनर कापडाचा करा आणि त्यावर साल लिहू नका, म्हणजे तो दर वर्षी चालेल. महिन्यातून एकदाच्या 'नो व्हेईकल डे'ला गाड्या शेजारच्या गल्लीत लावून कोण चालत आत येतं, हे त्या गल्लीला माहीत आहे. मी काही बोलत नाही.

पाण्यावर मात्र मला थांबावंच लागेल. कोल्हापूर पाण्याचं गाव आहे, म्हणून आपण पाण्याबाबत निष्काळजी आहोत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं. तेव्हा पाणी उपसणारी केंद्रंच पुरात गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले. चहूकडे पूर आणि घरात घोटभर नाही, टँकरमागे घागरी घेऊन रांगा. 2021 ला पुन्हा पूर. दोन्ही वेळा शाळा-महाविद्यालयांमध्ये पूरग्रस्तांची राहण्याची सोय झाली. म्हणजे शहर बुडतं तेव्हा लोक आपल्या आवारात येतात, आणि नेमकी तेव्हाच आपल्या आवारात पाणी नसतं.

जुन्या आवारांमध्ये विहिरी आहेत. कित्येक जाळी टाकून झाकलेल्या, कित्येकांत निर्माल्य आणि बाटल्या, काही बुजवून वर पार्किंग झालेलं. या गावाने पूर्वी तळीच्या तळी बुजवली. कपिलतीर्थावर मंडई झाली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. आता उरलेल्या विहिरी तरी राखू या. शिवाजी विद्यापीठाच्या 853 एकरांच्या आवारातले तलाव आणि विहिरी, तिथली जलसंधारणाची कामं एकदा तुमच्या समितीने जाऊन बघावीत. सगळ्यांकडे तेवढी जागा नाही हे खरं, पण छप्पर सगळ्यांकडे आहे. शहरात वर्षाला ढोबळमानाने हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस मीटरच्या छतावर तो दहा लाख लिटर होतो. सांडलवंड वजा जाता आठ लाख धरा. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर ऐंशी टँकर. ते पाणी गाळून विहिरीत किंवा बोअरशेजारच्या खड्ड्यात सोडायचं. ज्यांनी आधीच ही सोय केली आहे त्यांनी पाइपचा जोड अजून जोडलेला आहे का ते वळवाच्या पावसाआधी बघून घ्यावं. रंगकामाच्या वेळी तो काढला जातो आणि परत लावायचा राहतो.

आणि प्यायच्या पाण्याचे आरओ. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी हे यंत्र मोरीत सोडतं. पाण्यातले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओची गरज नसते, आणि तिथे तो वापरू नये असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच म्हटलं. तुमच्या रसायनशास्त्राच्या लॅबला हे मोजायला पाच मिनिटं लागतात. नळाचं मोजा, बोअरचं मोजा आणि मग ठरवा. ज्या महाविद्यालयात पाणी तपासायची लॅब आहे तिथे विक्रेत्याच्या सांगण्यावरून यंत्र घेतलं जातं, हे मला कधीच समजलेलं नाही.

हाच धागा पुढे नेला तर विद्यार्थी येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या निकालापासून पर्यावरण हा विषय सगळ्यांना शिकवायचा ठरला आणि पदवीच्या मुलांना तो सक्तीचा झाला. त्याच्या प्रकल्पाचं आपण काय केलं? झेरॉक्सच्या दुकानात रंकाळा तलावाच्या प्रदूषणावरचा तयार प्रकल्प मिळतो, वरचं नाव बदलायचं. मी स्वतः एकाच गठ्ठ्यात शब्दशः सारखे असे कितीतरी तपासलेत. आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. एनएसएसच्या मुलांचे वर्षाला 120 तास आहेत. ते तास पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आवार झाडण्यात जातात. संख्याशास्त्राच्या मुलांना वर्षाची वीजबिलं द्या, भूगोलाच्या मुलांना छतांची मापं आणि उतार काढू द्या, रसायनच्या मुलांना पाणी द्या, वाणिज्यच्या मुलांना पंखे बदलण्याचा खर्च किती महिन्यांत निघतो ते काढू द्या. त्यांनी काढलेले आकडे पुढच्या समितीला वारशात मिळतील. एजन्सीच्या गुळगुळीत अहवालापेक्षा ते कच्चे असतील, पण त्यात दुसऱ्या महाविद्यालयाचं तळं नसेल.

राहिला पैशाचा मुद्दा. हरित समितीला स्वतःचं अंदाजपत्रक नसतं, आणि त्यावर रडून उपयोग नाही. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती आहे, अंदाजपत्रक तिच्यासमोर जातं. तिथे व्यवस्थापनाची माणसं बसतात, निवडून आलेले शिक्षक बसतात, शिक्षकेतर प्रतिनिधी आणि विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधीही असतात. तुमचा अहवाल तिथे जात नसेल तर तो कुठेच जात नाही. एक पान न्या. गेल्या वर्षीची वीज, पाणी, टँकर आणि ड्रेनेज दुरुस्ती यांची बिलं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला काय केलं तर त्यातलं किती वाचेल ते. संस्थाचालकांना ध्रुवावरचा बर्फ सांगू नका, बिल दाखवा. ते हिशेबी लोक आहेत, त्यांना बिल कळतं. आणि जे वाचेल त्याचा निम्मा हिस्सा पुढच्या वर्षी समितीच्या नावावर ठेवायचा, एवढा ठराव त्याच बैठकीत करून घ्या. एकदा तो ठराव झाला की समितीला कोणाच्या दारात जावं लागत नाही.

समन्वयक किमान तीन वर्षं तोच राहील, आणि शक्यतो कायम नोकरीतला असेल, हेही तिथेच मागा. तासिका तत्त्वावरच्या पोरांना हे काम द्यायचंच असेल तर त्याचं मानधन द्या. त्यांना नाही म्हणता येत नाही म्हणून त्यांच्या गळ्यात पडणारी ही समिती आहे, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

'आपल्या एवढ्याशा कॉलेजने काय फरक पडणार' असं बैठकीत कोणीतरी म्हणेलच. त्यांना जयंती नाल्याच्या पुलावर न्यावं, नाक धरून पाच मिनिटं उभं करावं आणि या पाण्यात आपल्या वसतिगृहाचं, आपल्या लॅबचं, आपल्या कॅन्टीनचं किती, असं विचारावं. उत्तर मोजता येण्यासारखं आहे.

या जूनच्या पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेत वृक्षारोपणाच्या आधी मीटरचा विषय घ्या, एवढंच आता मागणं. बोलावलंत तर मी येईन. शाल, श्रीफळ, बुके काही नको, सूत्रसंचालनही नको. सोमवारी सकाळी सातला मीटर रूमपाशी भेटू, वायरमन दादांना आणि मामांना आधी सांगून ठेवा, आणि शनिवारचा आकडा लिहिलेला कागद सोबत असू द्या.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका आणि माजी रेक्टर
कोल्हापूर